कानाझावाचा डबा

मी गौरांगीची सॅक बोलतेय. हो, तीच, चेन बिघडल्यामुळे सेफ्टी पिनवर अब्रू राखून असलेली. कॅल्गरीतल्या एका बेसमेंटमध्ये, कोटांच्या कपाटात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. गौरांगीने मला सेलमधून उचललं, तिथून माझं आयुष्य सुरू झालं. नागपूरची ही पोरगी एकटी फिरते, स्वस्तात फिरते आणि वर्षाची सगळी सुट्टी त्यातच उडवते.

आम्ही पहिल्यांदा जपानमधल्या कानाझावाला गेलो, तेव्हा हारुकोआजींच्या छोट्या गेस्टहाऊसमध्ये उतरलो होतो. निघताना आजींनी घरच्या लाल डब्यात भाताचे गोळे भरून दिले. गोळे स्टेशनवरच संपले. डबा नेऊन द्यायला वेळ होता, पण कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे गौरांगीच्या अंगात मुरलेलं. तिने तो सरळ कॅल्गरीला आणला. आजींना वाटलं असेल, पोरीने डबा ढापला!

पुढे आजींचा निरोप आला, की हा उन्हाळा संपला की गेस्टहाऊस बंद. गौरांगीचा जीव कासावीस झाला.

"अगं, पार्सल करून टाक ना," तिची रूममेट ऊर्मी म्हणाली. "व्हॉट्स द बिग डील?"

"डबा काय पार्सलने परत करतात? स्वतः जाऊन द्यायला नको?"

तिने तिकीट काढलं, बेसन भाजलं आणि लाडवांनी भरलेला डबा माझ्या पोटात कोंबला. विमानतळावर माझं वजन जास्त भरलं. लाडू काढायचे? छे! बाईसाहेबांनी तिथेच सगळे कपडे एकावर एक चढवले आणि घामाघूम होऊन विमानात बसल्या.

कानाझावात आजी खोकी बांधत होत्या. डबा पाहून त्या बघतच राहिल्या. गौरांगीने मोबाईलवर भाषांतर करून आपली रीत समजावली. आजींनी एक लाडू खाल्ला, डोळे मिटले आणि दुसरा उचलला. गौरांगी मात्र रडायला लागली. परदेशात सापडलेलं हे आजोळ बंद होणार, याचं तिला फार वाईट वाटत होतं. मलाही भरून आलं.

निघताना आजींनी तोच डबा पुढे केला, तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांनी गच्च भरलेला. गौरांगी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी माझी पिन काढून तो आत सरकवलासुद्धा. झाकणावर त्याच गावातल्या त्यांच्या लेकीचा पत्ता चिकटवला होता. मोबाईल बोलला, "आता मी इथे राहीन. डबा रिकामा आणायचा नाही, लक्षात आहे ना?"

ऊर्मी म्हणते, आता चाकांची बॅग घे. वाचकहो, तुम्हीच समजवा या दोघींना आणि मला एक नवी चेन बसवून द्या. पुढच्या खेपेला अनारसे न्यायचेत. चाकांवर खडखडत गेले, तर आजींच्या हाती नुसता भुगा पडेल!