वकीलबाईंच्या ऑफिसातली कटिंग

वकीलबाईंचा विषय निघाला की थोरल्याची चालती कात्री आजही थांबते. गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या डोक्याने बसून राहतं, पण बाईंचे गुण गाऊन झाल्याशिवाय हा पुढे सरकत नाही.

त्याला कारणही तसंच आहे. दोघा भावांचं सलून बापाच्या वेळचं. धाकट्याला पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान काढायचं होतं आणि वाटणीत बापाची जुनी फिरती खुर्ची हवी होती. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. रागाच्या भरात त्याने सलूनचं कुलूप बदललं, धाकट्याने नोटीस धाडली, आणि मग दोघांतून विस्तव जाईना.

खरं तर थोरल्याला खुर्ची जाण्याची नाही, भाऊ जाण्याची धास्ती होती. पण हे बोलणार कोण? पहिल्या वकिलाने खुशीत येऊन सांगितलं, की धाकट्याला कोर्टात पुरतं लोळवू. थोरला हबकून तिथून उठला. ज्याला कडेवर घेऊन फिरला, त्याला लोळवायचं?

शेजारच्या औषधवाल्याचं भलं होवो, त्याने या बाईंचा पत्ता दिला. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून त्या कोर्टाबाहेर तंटे मिटवत. पहिल्याच भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, की मी तुमचीही नाही आणि त्याचीही नाही, दोघं कबूल असाल तरच बसेन. मग थोरल्याच्या बायकोने दिराला हक्काने गाठलं. वहिनीपुढे त्याचं काही चाललं नाही.

बाईंनी दोघांचं आधी वेगवेगळं ऐकून घेतलं, मग एका टेबलाशी बसवलं. सगळं जुळत आलं, पण खुर्चीपाशी आलं की घोडं पेंड खायचं. शेवटी बाईंनी कागद बाजूला सारले.

"एक विचारू? दोघंही एवढे नावाजलेले, मग तुमचेच केस असे मानेवर का आलेत?"

थोरल्याचा हात मानेवरच्या केसांकडे गेला. दुसऱ्यांच्या सलूनच्या दारातून तो कितीदा परत फिरला होता, ते त्यालाच ठाऊक.

धाकटा टेबलाकडे बघत म्हणाला, "लहानपणापासून माझे केस दादाच कापतो, आणि हात बसल्यापासून दादाचे मी. दुसऱ्या कोणापुढे मान वाकवायला जीव होत नाही."

थोरल्याला भडभडून आलं. "खुर्ची घेऊन जा," तो म्हणाला. "कुलूप बदललं ते चुकलंच माझं. फक्त कटिंगला येत जा."

समझोत्यावर सह्या झाल्या. धाकट्याने पिशवीतून हत्यारं काढली, बाईंनी स्वतः जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. मघापर्यंत ज्याच्याशी भांडण होतं, त्याच्याच वस्तऱ्याखाली थोरला मान वाकवून बसला. बाईंचे आभार मानायला त्याने डोकं वर केलं, तर भावाने ते हलकेच खाली दाबलं.

"दादा, हलू नकोस. वस्तरा मानेवर आहे."

थोरला हलला नाही. डोळे मात्र वाहत होते.