नवव्या मिनिटाला काळा पडणारा संगणक

मी मढच्या कोळीवाड्यातला एक संगणक आहे. हवं तर जुना म्हणा, कारण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. पण साधासुधा नाही हं! खास खेळ खेळण्यासाठी जुळवलेला आहे. पोटात पंखे, छातीवर काच आणि काचेआड निळे दिवे. मित्रांनो, माझी सगळी कथा सांगत बसत नाही. गेल्या वर्षी माझ्यामुळे या घरात संशय शिरला, तेवढंच सांगतो. लपवून काय करू, तो माझ्याही अंगात भिनला होता.

माझा जन्म चारकोपचा. तिथे दिपेशचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दिपेश आणि माझा मालक कृणाल अकरावीपासूनचे जिवलग. दिपेशने माझा एकेक भाग स्वतःच्या हाताने बसवला आणि शेवटचा स्क्रू आवळून म्हणाला, "झकास झालाय. सांभाळ रे याला." तीन वर्षं मी कृणालच्या टेबलावर ऐटीत बसून होतो. शर्यती झाल्या, लढाया झाल्या, पण मी कधी दगा दिला नाही.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. दिपेशने माझ्यात नवं, मोठं ग्राफिक्स कार्ड बसवलं. पडद्यावर चित्रं उमटवणारा भाग तो. आणि कृणालच्या बहिणीला, दिशाला, बारावीच्या अभ्यासासाठी टेबल हवं म्हणून मला फरशीवर उतरवलं. त्यांची आई अंजनाबाई मासळी विकून घरी आल्या आणि मला खाली पाहून हळहळल्या. खाऱ्या वाऱ्याने या घरातले दोन मिक्सर आणि एक पंखा खाल्ला होता. त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी चौपदरी घडी करून माझ्याखाली घातली. माझे चारही पाय तिच्यात रुतले. असे लाड माझे कोणी केले नव्हते, मी सुखावून गेलो.

त्याच रविवारी कृणाल खेळायला बसला आणि नवव्या मिनिटाला माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. पडदा काळा, पंखे बंद. पंधरा मिनिटं मी बटणाला दाद देईना. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दिशा मात्र माझ्यावर तासभर नोट्स लिहायची, तेव्हा मी शहाण्यासारखा चालायचो. अंजनाबाई म्हणाल्या, "देवालाच तुझा खेळ पसंत नाय, बाला."

कृणालचा पहिला संशय दिशावर गेला. "मी नसताना तूच कायतरी उचापती करतेस ना?" तो म्हणाला. दिशा चिडली, "मला काय तुझ्या डबड्याशी करायचंय?" तरी पठ्ठ्या माझी वायर बॅगेत घालून कॉलेजला जाऊ लागला. मीसुद्धा दिशाकडे तिरक्या नजरेने पाहू लागलो. माझ्या उबेला येऊन बसणाऱ्या मांजरीवरही मी संशय घेतला. बिचारी!

तरीही मी काळा पडतच राहिलो, तेव्हा शेवटी मला चारकोपला नेलं. दिपेशने मला उघड्या टेबलावर ठेवून तोच खेळ तीन तास चालवला. मी एकदाही काळा पडलो नाही. "तुझ्या घरच्या लाइटीतच काहीतरी घोळ असेल," दिपेश म्हणाला. मी मढला परतलो, अंजनाबाईंनी मायेने गोधडी पुन्हा खाली घातली आणि नवव्या मिनिटाला मी काळा पडलो.

मित्रांनो, आता कृणालच्या डोक्यात काय आलं असेल? त्याच्याकडे चालतो, माझ्याकडे बंद पडतो, म्हणजे दिपेश दुकानात चांगलं कार्ड लावून दाखवतो आणि परत देताना दरवेळी दुसरंच जुनं घालतो! पुढच्या खेपेला नेण्याआधी त्याने दिशाची लाल नेलपॉलिश घेतली आणि माझ्या कार्डाच्या कडेला गुपचूप एक टिपका लावला. मला तो चोराला डाग द्यावा तसा वाटला. परत आलो तेव्हा टिपका जागच्या जागी होता. तेवढ्याने कृणालचं समाधान व्हायला हवं होतं, पण संशयाचं पोट पुराव्याने भरत नाही. "त्याने टिपका बघितला असणार, दुसऱ्या कार्डावर तसाच लावला असणार," असं तो पुटपुटला आणि त्याने दिपेशला फोन लावला. "जुनं कार्ड माझ्या गळ्यात मारलंस ना तू?"

पलीकडून दिपेश एवढंच म्हणाला, "उद्या दुपारी घरी येतो."

दुसऱ्या दिवशी तो बसने आला, पाणीही न पिता माझ्यासमोर फरशीवर बसला. त्याने काच काढली. लाल टिपका दिसताच त्याचा हात थांबला. "हा काय आहे?"

दिशाच म्हणाली, "दादाने लावलाय. तू कार्ड बदलतोस का ते बघायला."

दिपेशने काच परत लावली आणि म्हणाला, "खेळ चालू कर." तो माझ्या अंगाला हात लावून बसून राहिला. माझा जीव घुसमटू लागला, तसा त्याचा हात सरकत सरकत खाली आला आणि चटका बसल्यासारखा मागे गेला. नववं मिनिट झालं, मी काळा पडलो. दिपेशने मला तिरकं केलं आणि खालची गोधडी ओढून काढली. ती तव्यासारखी तापली होती. "याला वीज पुरवणारा डबा तळाशी आहे. त्याचा पंखा खालून हवा घेतो. हवाच मिळत नव्हती त्याला. खेळात नवं कार्ड जास्त वीज ओढतं, मग हा फार तापला की स्वतःला वाचवायला बंद व्हायचा."

अंजनाबाईंनी कपाळावर हात मारला. "मीच घातली ती! ओल लागंल म्हनून. मना काय ठावं त्याचा जीव कोंडतो?"

ज्या गोधडीवर मी सुखावलो होतो, तिच्यावर माझा कधी संशयच गेला नव्हता. पंधरा मिनिटांनी मला लाकडी पाटावर ठेवून पुन्हा सुरू केलं. दीड तास मी न थकता धावलो. पण त्या दीड तासात कृणाल आणि दिपेश एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

कृणालने मान खाली घालून काच काढली आणि नखाने टिपका खरवडू लागला. "सॉरी यार."

दिपेशने त्याचा हात धरला. "राहू दे तो. पुढच्या वेळी मशीन बंद पडलं की आधी हा टिपका बघ आणि मग मला फोन कर."

तो निघाला, तेव्हा अंजनाबाईंनी त्याच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी दिली. त्याने घेतली, पण दोन महिने तो फिरकला नाही.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आम्हाला मोकळी हवा द्या, आमच्यासाठी एवढं पुरे आहे. पण काही बिघडलं, तर माणसांकडे बोट दाखवण्याआधी एकदा खाली वाकून बघा. माझा बिघाड गोधडी ओढताच गेला. टिपका अजून तसाच आहे.

अंजनाबाईंनी ती गोधडी धुऊन, घडी घालून ठेवली होती. दोन महिन्यांनी एका रविवारी दिपेश आला, तेव्हा त्यांनी ती त्याच्यासाठी अंथरली. तो थोडा वेळ उभाच राहिला आणि मग बसला.