निरोप्यांना सुट्टी

उघडपणे केलेले वैर कधी ना कधी दमते. अबोल्याचे वैर मात्र दमत नाही, कारण ते दुसऱ्याच्या तोंडाने बोलते आणि ते तोंड बहुधा निष्पाप असते. सुतारआजोबांच्या घरात ते तोंड नातवंडांचे होते.

बापाची सुतारशाळा सोडून मुलाने तयार खिडक्यांच्या कारखान्यात नोकरी धरली, त्या दिवसापासून पितापुत्रांत अबोला होता. मुलगा पोरांना घेऊन केवळ आईसाठी येई आणि अंधार पडण्यापूर्वी निघून जाई. आज तर त्याने दारातच सांगितले होते, "आई, पुन्हा यायचं की नाही, ते आज ठरवणार." आजीने तेव्हापासून देवाकडे एकच मागणे धरले होते: लेकरे एक रात्र तरी या छपराखाली निजोत. अंथरुणेही तिने गुपचूप काढून ठेवली होती.

दुपार कलताच वादळ उठले.

"पोपट," बडबड्या नातीला आजोबा म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, पुलाला पाणी लागलंय. स्वतःला जायचं तर खुशाल जा म्हणावं, पोरं इथे राहतील."

बाप हातभर अंतरावरच बसला होता. नात डुलत डुलत त्याच्यापुढे गेली. "बाबा, आजोबा म्हणतात, राहा."

"राहा कोण म्हणालं? निरोप नीट पोचव!" आजोबा गुरगुरले.

"त्यांना सांग," मुलगा भिंतीकडे पाहत म्हणाला, "दात वाजल्यासारख्या खिडक्या वाजतात त्या घरात पोरं ठेवायला मला वेड लागलेलं नाही."

धाकट्या नातवाला, मुंगळ्याला, या खेळाचा भारी आनंद. "आजोबा, तुमच्या खिडकीला थंडी वाजते!"

"वाजतेय ती एकच," आजोबा कडाडले. "कुणाच्या हातची, विचार त्याला!"

आजीने डोळे मिटून घेतले. ती खिडकी मुलाने उमेदवारीच्या काळात केलेली पहिलीच. घरातल्या साऱ्या खिडक्या बाहेर उघडत. हिच्या बिजागऱ्या त्याने उलट्या ठोकल्या, म्हणून ही आत उघडे आणि वाऱ्याचा सगळा भार एकट्या कडीवर येई. आल्यागेल्याला आजोबा ती दाखवीत, "ही आमच्या दिवट्याची करामत." मात्र तिला कधी हात लावीत नसत.

मुलगा ताडकन उठला. "चपला घाला रे. निघायचं."

"अरे, जरा थांब, पाऊस तरी..." आजीचे वाक्य पुरे झाले नाही. कडी तुटली, झडप धाडकन आत आदळली आणि पावसाचा लोट घरात शिरला. दोन्ही पुरुष एकाच वेळी धावले, दोघांनी खांदे लावले.

"पोपट, बापाला सांग, खालून..." पण पोपट आजीच्या पदरात दडलेली, मुंगळा टेबलाखाली. निरोप न्यायला कोणी उरले नव्हते.

"खालून रेट, गाढवा! खालून!"

"रेटतोय! उपदेश पुरे, पाचर ठोका!"

"कशी ठोकू? हात सोडला तर तुझी करामत माझ्याच डोक्यात बसेल!"

"मग आजवर बदलली का नाहीत?"

"तुझी चूक मी का दुरुस्त करू? तू येऊन करायची होतीस!"

मुलाने खांदा अधिक जोराने लावला. पाचर आणि हातोडा घेऊन आजीच पुढे झाली. तिचे घाव नेमके बसले.

झडप थांबली. दोघे ओलेचिंब, धापा टाकीत, एकमेकांकडे रागाने पाहत उभे राहिले.

"सकाळी बिजागऱ्या काढतो," मुलगा म्हणाला.

"नीट काढशील तर."

"तुमच्याच हाताखाली शिकलोय."

"तेच तर दुःख आहे."

"आजोबा, आता निरोप नाही न्यायचा?" नातीने हिरमुसून विचारले.

"गप्प बस!" दोघे एकदमच ओरडले.

आजीने चपला उचलून आत ठेवल्या आणि अंथरुणे घातली. बाहेरच्या खोलीत शब्दाला शब्द लागतच होता. निजलेल्या नातवंडांच्या कपाळांवरून हात फिरवीत ती मनात म्हणाली, भांडा, बाळांनो, समोरासमोर भांडा. आणि या कोवळ्या मुखांत त्यांचे स्वतःचेच शब्द राहोत. सर्वांचे कल्याण असो.