रिठ्याच्या पाण्यात धुतलेली काच

काच धुणाऱ्या गड्याच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला, असा शेरा, साहेब, तुम्ही चौकशीच्या कागदावर मारलात. साफ खोटं लिहिलंत. तो काच धुणारा दौलत माझा मेहुणा. त्या काचेपायी जी गेली ती रतन, माझी बायको, त्याची थोरली बहीण. त्याच्यावर रागवायचा पहिला हक्क कुणाचा असेल तर माझा, आणि मी त्याच्यावर रागावलेलो नाही. मी तुमच्यावर रागावलो आहे. आता ऐका.

आम्ही कोलशेतहून कल्याणला आलो ते दौलतच्या मुलीच्या बारशाला. साल प्लेगचं. गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाला फलाटावर रांगेत उभं करून माना, काखा, जांघा चाचपत होते. बायकांसाठी कनात होती आणि आत एक मडमीण बसवली होती. रतन आत गेली आणि लंगडत, तणतणत बाहेर आली.

"मेली जांघ दाबते नि गाठ गाठ करते! अगो बाय, पायात कालवाचं शिंपलं घुसलंय, त्याचं अवधाण हाय ते. आमच्या शेंबड्या पोराला कळतं, हिला कळत नाय!"

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण धरतं, म्हणजे गाठ सुजते. खाडीत उतरणाऱ्या बायकांना ते पावसाळ्यातल्या सर्दीइतकं ओळखीचं. रतनने टाच वर करून जखम दाखवली. मडमिणीला मराठी येत नव्हतं आणि टाच तिच्या हुकुमात बसत नव्हती. गाठ लागली की प्लेगची छावणी, एवढाच हुकूम.

पहाऱ्यावरचा शिपाई काळुराम आमच्याच गावचा. तो जवळ येऊन पुटपुटला, "विश्राम, मालधक्क्याच्या मागनं वाट हाय. मी पाठ फिरवतो, तू हिला घेऊन सूट. आत गेलेली मानसं मी बगतो रं रोज."

मी गाठोडं उचललंही होतं. तेवढ्यात दौलत धावत आला. छावणीला लागून डॉक्टरची तपासणीची झोपडी होती, तिथे तो कामाला. आम्हाला घ्यायला निघाला होता.

"भावजी, थांबा! पळायचं कशाला? पळालात तर मागे शिपाई लागतील, बारसं राहील बाजूला. आमच्याकडे यंत्र आहे. गाठीतला टिपूस काचेवर घेतात, निळा रंग घालतात नि दुर्बिणीखाली बघतात. प्लेगचा किडा असला तर दिसतो, नसला तर नाही दिसत. जेवायला बाय घरी असेल."

"दवल्या, तुजा डॉक्टर चुकला तर?" रतनने विचारलं.

"डॉक्टर चुकेल बाय. काच कशी चुकेल?"

काळुराम माझ्याकडे बघत राहिला. मी गाठोडं खाली ठेवलं.

"चल बाबा," रतन म्हणाली. "भाचीचं नाव ठेवायला आले, नि माझ्यावरच सगळे टपले! पन पोरीच्या कानात मी कुर्र केल्याबिगर तिला पाळन्यात घालायची नाय, सांगून ठेवते."

दौलतच्या त्या विश्वासाची तुम्हाला काही कल्पना आहे का? मराठी चौथी झालेला पोरगा. झाडू मारायला म्हणून ठेवला, मग पाणी भरायला, मग काचा धुवायला. एकदा डॉक्टर सहज म्हणाला, "तुझा हात हलका आहे. काम शिक, पुढेमागे क्लासला पाठवू." बस. त्या एका वाक्यावर हा माणूस जगत होता. कोलशेतला आला की ओटीवर बसून सगळ्यांना यंत्राच्या गोष्टी सांगायचा. पण कंपाउंडर व्हायला काय लागतं, हॉस्पिटल असिस्टंटच्या वर्गात कुणाला घेतात, काच धुणाऱ्याला तिथवर जायची वाट आहे की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "तुला काय करायचंय? काचा चकचकीत ठेव."

तर काचा त्याने चकचकीत ठेवल्या. आधी राखेने घासायचा, जशी घरी भांडी घासतात तशी. काचांवर ओरखडे उठले, डॉक्टर अंगावर ओरडला. मग त्याला आईची आठवण झाली. ती नथीचे मोती रिठ्याच्या पाण्यात धुवायची, बोटांनी, हळूच. दौलतने रिठे आणले. निळा रंग गेला, काच आरपार दिसू लागली, एक ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाला, शाब्बास.

रतनची गाठ टोचली, टिपूस घेतला. आम्ही झोपडीबाहेर बसलो. रतन पायाला हळदीचा लेप बांधत होती. बऱ्याच वेळाने डॉक्टर दारात आला आणि एवढंच म्हणाला, "आहे."

"साहेब, परत बघा," दौलत म्हणाला. "माझी सख्खी बहीण आहे ती."

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. तो बाजूला झाला. "ये. तूच बघ."

इतके महिने त्या यंत्राच्या काचा धुतल्या, पण त्यात डोळा घालायची परवानगी दौलतला मिळाली ती त्या दिवशी, पहिल्यांदा. तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग बाहेर आला.

"आहेत, भावजी. निळ्या काड्या. माझ्या डोळ्यांनी पाहिल्या."

भीती होतीच त्याच्या आवाजात. पण थोडं नवलही होतं. तेही मी ऐकलं, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. भुकेल्याला ताट दाखवलंत ते असं दाखवलंत.

रतनला प्लेगवाल्यांच्या छपरात नेऊन टाकलं. बारसं तिच्याशिवाय झालं. टाच सुकली. अवधाण बसलं. ताप तर कधी नव्हताच. मी रोज कुंपणापाशी जायचो. ती तट्ट्याच्या फटीतून ओरडायची, "अवो, बसलं सगळं! त्या दवल्याच्या दुर्बिनीला सांगा, मी चांगली भाकर खाते म्हनून! हितं आजूबाजूच्या बाया मरतात हो. मना भाएर काडा."

डॉक्टर म्हणाला, कुणाकुणाला सौम्य येतो.

मग रंगाची नवी बाटली आली. रंगात गाळ आहे का बघायला डॉक्टरने दौलतने धुतलेली एक काच घेतली. रक्त नाही, पू नाही, नुसता रंग घातला आणि खाली बघितलं. निळ्या काड्या.

"ही काच कशाने धुतलीस?"

"रिठ्याने, साहेब. चकचकीत आहे की."

"तेजाबात उकळली नाहीस?"

"तेजाब? ते तर कुलपात असतं. गड्याच्या हाती द्यायचं नाही असा हुकूम आहे ना?"

डॉक्टर खुर्चीवर बसला. आधीच्या आजाऱ्याचा टिपूस आचेवर धरला की काचेला घट्ट चिकटतो. रंग धुऊन जातो, तो जात नाही. डोळ्यांना काच कोरी दिसते. पुन्हा रंग घातला की मेलेले किडे पुन्हा दिसतात. हे डॉक्टरला माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं. वापरलेल्या काचा तेजाबात उकळाव्यात, हा तुमचाच हुकूम, भिंतीवर इंग्रजीत टांगलेला. तेजाब गड्यांना देऊ नये, हाही तुमचाच. दोन्ही हुकूम पाळून काच धुवायची कशी, हे विचारायची पाळी कधी आली नाही, कारण ज्याने विचारायचं त्याला पहिला हुकूम वाचताच येत नव्हता.

दौलत धावत छपराकडे गेला. "बाय, तुला काही झालेलं नाही! सोडा हिला!"

सोडली नाही. आजाऱ्यांत राहिलेल्या माणसाला मुदत भरल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही, हाही हुकूमच. आणि त्या मुदतीत रतनला गाठ आली. यावेळी मानेवर. यावेळी खरी. डॉक्टरने काच स्वतः उकळून घेतली म्हणे. फार उपकार झाले.

तिला शेवटचं बघायलाही दिलं नाही. काळुरामने येऊन सांगितलं, आणि तो पठ्ठ्या माझ्यापुढे ओक्साबोक्शी रडला. "मी पाठ फिरवनार होतो रं, विश्राम," म्हणत राहिला.

दिवसकार्य झाल्यावर मी दौलतकडे गेलो. तो उंबऱ्यात बसला होता. कामावरून काढला होताच.

"भावजी, मारा मला," तो म्हणाला.

मारायच्या तयारीनेच गेलो होतो मी. खोटं कशाला बोलू? पण आधी एक गोष्ट विचारली. "रंग गेला तरी किडा राहतो, हे तुला कुणी कधी सांगितलं होतं?"

त्याने नुसती मान हलवली. नाही.

मग मी त्याच्या शेजारी बसलो.

परवा आम्ही दोघे ठाण्याला तुमच्या कचेरीत आलो. तुम्हाला वाटलं, गडी नोकरी परत मागायला आलाय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जागा भरली आहे." दौलतने नोकरी मागितली नाही. माफी मागितली नाही, भरपाई मागितली नाही. दारात चपला काढून, त्या हातात धरून तो उभा होता, आणि त्याने एकच विचारलं, "साहेब, माझ्या जागी नवा माणूस ठेवलाय. रंग गेला तरी किडा राहतो, हे त्याला सांगितलंय का?"

तुम्ही पट्टेवाल्याला हाक मारलीत आणि आम्हाला बाहेर काढलंत. बाहेर अंगणात खडी टाकलेली, ऊन मी म्हणत होतं. दौलतने चपला पायात घातल्या नाहीत. "उत्तर घेतल्याशिवाय कसं जायचं, भावजी?" म्हणाला. कचेरी बंद होईपर्यंत तो त्या खडीवर अनवाणी उभा राहिला. तुम्ही त्याच्यासमोरून गाडीत बसून गेलात.

त्या झोपडीत आजही काचा धुतल्या जातात. कुणाची तरी बहीण आजही बाहेर बसली असेल. धुणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याला समजेल असं, कुणी सांगितलंय का? हो की नाही? उत्तर द्या.