खिशातला संशय

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंप्याचा कोणावर म्हणून विश्वास नाही. त्यातून कानाच्या डॉक्टरीणबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "डाव्या कानाचा पडदा आत ओढला गेलाय. खिसा पडलाय त्याला."

"खिसा पडत नसतो बाई, शिवावा लागतो. कोणी शिवला?"

बायकोने कोपराने ढोसलं. बाईंनी कानात दुर्बीण घालून टीव्हीवर दाखवलं. पडद्याचा कोपरा खचलेला, तळाशी मळकट पापुद्रे. "ही कातडी साचत जाते आणि आतली नाजूक हाडं खाते. मग ऐकू येणं जातं. आज येतंय, तोवरच खिसा उचलून घेऊ."

"दुखत नाही, ऐकू येतंय, तरी कापायचं! बरं गिऱ्हाईक गाठलंत."

"पडदा पुन्हा खचू नये म्हणून तुमच्याच कानाच्या मऊ हाडाचं ठिगळ लावते."

ठिगळ म्हटल्यावर शिंपी सावरून बसला. "आणि उरलेलं? बेतल्यावर उरेलच की. ते कोणाकडे जातं?"

बायको फस्सकन हसली. घरातल्या एकाही उशीचा अभ्रा विकतच्या कापडाचा नव्हता.

"उरलं तर तिथंच कातडीखाली ठेवते. पुढंमागं लागलं तर तुमचंच तुम्हाला."

शिंप्याचा चेहरा पडला. व्हरांड्यात येताच म्हणाला, "हिच्या टेबलावर मी झोपणार नाही. उरलेलं परत देणारा कारागीर जन्मात पाहिला नाही. कुठंतरी पाणी मुरतंय."

"सगळे तुमच्यासारखे नसतात."

"हळू बोल!"

"हळूच बोलतेय, तेही डावीकडून. उद्या हा कान गेला, तर दुकानात तुमच्या पाठीमागं कोण काय कुजबुजतं, ते कोण ऐकणार? मी?"

हे मात्र वर्मी लागलं. बायकोने सांगितलेल्या गोष्टीवर विसंबून राहायचं? तो तसाच आत वळला. "करा बाई. पण तो टीव्ही चालू ठेवा, बायकोला बघू दे."

"बायकोला बाहेरच बसवणार," बाई म्हणाल्या.

ऑपरेशनात पाहिलं तर खिसा हाडापर्यंत पोचला होता, हाड मात्र शाबूत निघालं. पुढं कानातला बोळा काढायला तो एकटाच गेला. दुसऱ्या दिवशी माप देता देता एक गिऱ्हाईक जोडीदाराला म्हणालं, "डावीकडून बोल बिनधास्त. त्या कानाने गेला तो."

शिंपी ढिम्म हलला नाही. ऐकू येतंय हे त्याने फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, तेही दार लावून घेऊन. बायको अजून उजवीकडून ओरडते.