हार्टने गेलेला शंभू

"मॅम, आपण जपानच्या खाली आहोत." दिग्विजय खुर्चीसकट घरंगळत तिच्या टेबलाशी आला. "कॅन यू बिलीव्ह? बुडून मरण्यात आपण जपानपेक्षा बेटर."

बोर्डात आलेल्या मुलाच्या आईचा असतो तसा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता. पूर्णिमाने स्क्रीनवरची नजर काढली नाही. कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर गेले दोन महिने जगभरातली बुडालेली माणसं येऊन पडत होती. कोणत्या देशात लाखामागे किती माणसं बुडून मरतात, याचा तुलनात्मक अहवाल परदेशातल्या कुठल्याशा संस्थेला हवा होता, आणि असली कामं पुण्यात स्वस्तात होतात हे एव्हाना साऱ्या जगाला कळलं होतं. प्रत्येक देशाची एक निळी दांडी. दिग्विजयला तो ऑलिंपिकचा पदकतक्ताच वाटायचा. आपण कुणाच्या पुढे, कुणाच्या मागे, एवढंच त्याला कळत असे.

"जपानात म्हातारी माणसं आंघोळीच्या टबात बुडतात," ती म्हणाली. "तिथे ती मोजतात. आपल्याकडे कालव्यात बुडालेलेही सगळे मोजले जात नाहीत."

"डेटा इज डेटा, मॅम. त्यांनीच पाठवलाय. आपण कशाला डाउट घ्यायचा?"

तो तिच्याहून बारा वर्षांनी लहान आणि तिचा साहेब. पाण्याशी त्याचा संबंध टेबलावरच्या बाटलीपुरता. पण त्याचा राग करण्याइतकाही तिला त्याच्यात रस नव्हता. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढं म्हणून ती कामाला लागे.

"आणि हो, कव्हरला एक लोकल स्टोरी हवीय. घरातलं कुणी बुडालंय अशी फॅमिली. फोटो मीच काढणार, नवीन कॅमेरा घेतलाय. शक्यतो झोपडपट्टीतली बघा. मागे पत्रा-बित्रा असला की इम्पॅक्ट येतो."

"फ्लॅटमधली चालेल?"

"फ्लॅटमधले लोक बुडतात?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

पूर्णिमाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "उद्या सकाळी बिबवेवाडीला ये," ती म्हणाली. "दाखवते."

बोलून बसली, आणि मग दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. बिबवेवाडीला तिची आई राहत होती. आणि त्या घरात शंभू बुडाला असं गेल्या चौदा वर्षांत कुणीही म्हटलेलं नव्हतं.

शंभू तिचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा, कॉलेजात नावापुरता, आणि केस मानेच्याही खाली वाढवलेले. देशात नुकत्याच नव्या वाहिन्या आल्या होत्या आणि त्यातला कुठला तरी गिटारवाला त्याच्या डोक्यात शिरला होता. त्या केसांवरून घरात रोज महाभारत व्हायचं. वडील वैजनाथराव परळीहून येऊन पिंपरीच्या कारखान्यात चिकटलेले, पापभीरू गृहस्थ. "न्हाव्याला पैसे मी देतो, पण त्या जटा काढ," असं ते जेवताना न चुकता म्हणत. शंभू हसून आणखी एक भाकरी घेई.

पूर्णिमाचं लग्न ठरलं होतं. मे महिन्याच्या एका दुपारी ती मावशीबरोबर लक्ष्मी रोडला बस्ता बांधायला गेली आणि शंभू मित्रांबरोबर कालव्यावर पोहायला. कालव्याला नुकतंच पाणी सोडलेलं, जोर होता. मित्रांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. त्या शहाण्यांनी त्याला दवाखान्यात न नेता रिक्षात घालून घरी आणलं.

मग काकांनी सूत्रं हातात घेतली. धोंडिबाकाका म्हणजे घरातले कायदेपंडित. कोर्टात शिपाई होते, तेवढ्यावर. पोलिसांत कळवलं तर पोरगं चिरफाडीला जाणार. शिवाय लोकांची तोंडं कोण धरणार? बहिणीचं लग्न तोंडावर आणि भाऊ कालव्यात, म्हटल्यावर त्याने उडीच घेतली म्हणतील, घरात काहीतरी काळंबेरं असणार म्हणतील, सोयरीक मोडेल. "हार्ट म्हणा," काका म्हणाले. गल्लीतल्या डॉक्टरांनी काकांच्या शब्दाला मान देऊन हार्ट लिहून दिलं. एकोणीस वर्षांच्या, दोन जिने एका दमात चढणाऱ्या पोराला हार्ट. रिक्षा सगळ्या गल्लीने पाहिली होती. सगळी गल्ली हळहळली, "काय बाई, एवढ्याशा वयात हार्ट," आणि घरी जाऊन खरं काय ते बोलली.

पूर्णिमा साड्यांचं गाठोडं घेऊन परतली तेव्हा शंभू त्याच्या कॉटवर होता. धुतलेला सदरा, कपाळाला विभूती, आणि केसांना तेल लावून मधोमध काढलेला भांग. असा भांग त्याने जन्मात काढला नव्हता. खोलीभर खोबरेल तेलाचा वास होता. तो वास तिला अजूनही सोसत नाही.

वर्षाच्या आत शुभकार्य उरकावं म्हणून लग्न झालंच. नवराही आहे, वारज्याच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीचा रिमोट हातात धरून. पहिल्याच दिवाळीत सासूबाई कसल्याशा भांडणात म्हणाल्या होत्या, "तुझा भाऊ बुडून गेला ते आम्हाला ठाऊक नाही असं समजू नकोस. ठाऊक होतं, तरी पदरात घेतलं." म्हणजे ज्यांच्यासाठी लपवायचं त्यांनाच आधीपासून माहीत. पुढे वैजनाथराव खरोखरच हार्टने गेले, तेव्हा भेटायला आलेल्या दोघांनी "नक्की हार्टच ना?" असं हळूच विचारून घेतलं होतं.

या सगळ्यांना पूर्णिमाने मनातल्या मनात केव्हाच निकालात काढलं होतं: काका, डॉक्टर, सासू, गल्ली. राहिली आई. बाबा आणि पाठोपाठ काकाही गेल्यावर तरी ती खरं बोलेल असं वाटलं होतं. पण शंभूचा विषय निघाला की विमलाबाई पाठ केल्यासारखं म्हणत, "हार्टने गेला माझा." आणि तिथेच विषय मिटे. पूर्णिमा दिवसरात्र बुडालेली माणसं जुळवत होती आणि त्या सगळ्या निळ्या दांड्यांत तिच्या भावाला बोटभर जागा नव्हती. एकदा, फक्त एकदा, आईच्या तोंडून तिला ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दिग्विजय गळ्यात कॅमेरा अडकवून आला. घर पाहून त्याचा विरस झाला. फरशी होती, फ्रिज होता, भिंतीवर कॅलेंडर होतं. पत्रा कुठेच नव्हता.

"आजी, तुम्ही विंडोपाशी बसता का? लाइट छान आहे."

"मी बसते तिथेच बसते," विमलाबाई म्हणाल्या. "लाइट तुम्ही सरकवा."

त्याने आपलीच खुर्ची सरकवली. चहा आला. तो नको म्हणाला तेव्हा विमलाबाई म्हणाल्या, "आता टाकलाय. ओतायचा कुठे?" मग त्यांनी लेकीकडे वळून विचारलं, "हे कोण? आणि माझा फोटो कशाला?"

"आई, हे बुडून गेलेल्या माणसांची माहिती गोळा करतात," पूर्णिमा म्हणाली. "मी यांना आपल्याकडे आणलंय. शंभू कसा गेला ते सांग."

विमलाबाईंनी लेकीकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नव्हे. आता तुलाही हे हवंय का, असं काहीसं त्या पाहण्यात होतं.

"हार्टने गेला," त्या म्हणाल्या.

पूर्णिमाच्या मनातून आई त्या क्षणी पार उतरली. काकांना घाबरलीस, बाबांना घाबरलीस, ते समजू शकते. आता दोघंही नाहीत. आता कुणाला घाबरतेस? दिग्विजयने कॅमेऱ्याला झाकण लावलं होतं.

"मॅम, ही केस मग आपल्यात बसत नाही ना," तो दबक्या आवाजात म्हणाला. "हार्ट इज अ डिफरंट कॅटेगरी."

"केस वाळेनात," विमलाबाई म्हणाल्या.

दोघांनीही वळून पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"भाऊजी डॉक्टरला आणायला गेले. मला म्हणाले, वहिनी, तेवढ्यात त्याला कोरडा करा, ओला दिसता कामा नये. कपडे बदलले, अंग पुसलं, ते झालं लगेच. पण केस. ह्यांचं ऐकून कापले असते तर बरं झालं असतं. मांडीवर डोकं घेऊन पंख्याखाली बसले. दोन टॉवेल भिजले. दाराशी स्कूटर वाजली तरी मुळाशी ओलेच. मग तेल थापलं. तेलाने ओलं कळत नाही."

त्यांचा आवाज भाजीचा भाव सांगावा इतका सरळ होता. ज्या आईला पूर्णिमा इतकी वर्षं गप्प बसल्याचा दोष देत होती, तिने ते खोटं आपल्या हातांनी पुसून, विंचरून उभं केलं होतं, आणि ते पूर्णिमाच्याच अक्षतांसाठी.

"फार दाट होते," विमलाबाई म्हणाल्या. "लहानपणी न्हाऊ घातल्यावरसुद्धा असेच. वाळायला वेळ घ्यायचे."

दिग्विजय अवघडून उभा होता. कॅमेऱ्याचा पट्टा त्याने बोटाला गुंडाळला, सोडला. "सॉरी, पण मॅम," तो म्हणाला, "म्हणजे नक्की कॉज काय टाकायचं?"

विमलाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि मांडीवर त्याच जागी, हलक्या हाताने, त्या काहीतरी पुसत होत्या. पूर्णिमा खाली त्यांच्या पायाशी जाऊन बसली. तिने आईचा हात धरला. तो थांबेना. मग तिने धरायचं सोडलं आणि तिथेच, त्या हाताखाली, आपलं डोकं टेकवलं.