गुळगुळीत रेघ

मित्रांनो, पंपघराच्या भिंतीला टांगलेला मी एक जुना कंपनमापक आहे. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

माझ्या कारागिराने माझ्या पोटात तारा भरल्या आणि पुढे कागदाची गुंडाळी व एक बारीक लेखणी बसवली. पंप फिरताना क्षणात शेकडो वेळा थरथरतो. ती सगळी थरथर काढत बसलो तर कागद नुसता काळाकुट्ट होईल. म्हणून मी लहरींच्या शेंड्याशेंड्यांवरून जाणारी एकच रेघ ओढतो. तिला आवरणरेषा म्हणतात. थरथर वाढली की ती चढते, कमी झाली की उतरते. माझ्या अंगावर एक बटण आहे. ते 'चटकन'वर असलं की बारीकसा ठोकाही काट्यासारखा उमटतो. 'सावकाश'वर नेलं की काटे विरून जातात आणि रेघ गुळगुळीत येते.

फोरमनसाहेबांना गुळगुळीत रेघ फार आवडायची. पाहणीला कुणी आलं की ते कौतुकाने गुंडाळी उलगडायचे आणि बघणारे माना डोलवायचे. मग साहेबांनी बटण सावकाशवर नेलं ते तिथंच राहिलं. खोटं कशाला बोलू, स्तुतीने मीही फुगलो होतो.

पंप सांभाळायच्या त्या ताई. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची रोजची रीत. एका सकाळी त्या म्हणाल्या, "साहेब, तीन नंबरचा पंप टकटक करतोय. बंद करून उघडून बघू या का?"

"अहो ताई, कागद बघा की. रेघ कशी सरळ आहे. तुमचेच कान वाजत असतील."

ती टकटक माझ्यापर्यंतही पोचत होती, मित्रांनो. मी ती गिळून टाकली.

ताई रोज तेच सांगत राहिल्या. तिसऱ्या दिवशी बेअरिंग फुटलं आणि उडालेला तुकडा त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलं.

पुढच्या आठवड्यात तिथेच, माझ्यासमोर, चौकशी झाली. टेबलावर माझा कागद पसरला होता. मोठे साहेब म्हणाले, "रेघ तर ठणठणीत आहे. म्हणजे बाईंनीच ग्रीस घातलं नसणार. त्यांना कामावर कसं ठेवायचं?"

"घातलं होतं मी," गळ्यात हात अडकवलेल्या ताई एवढंच म्हणाल्या. कुणी वर पाहिलं नाही. माझ्याच कागदाने त्यांना खोटं पाडलं होतं.

तेव्हा फोरमनसाहेब उठले. "ग्रीस त्यांनी घातलं होतं. तीन दिवस मला सांगत होत्या. बटण मी सावकाशवर ठेवलं होतं, रेघ छान दिसावी म्हणून."

ताईंची नोकरी वाचली. परत आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी माझं बटण चटकनवर नेलं आणि वर चिकटपट्टी लावली. आता माझी रेघ काटेरी असते आणि तिचं कौतुक कुणी करत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र जरूर वापरा, पण त्याची रेघ फार देखणी दिसली तर आधी बटण कुठे आहे ते बघा. आणि कुणी टकटक ऐकू येते म्हणालं तर पंप थांबवा.

ताई मला रोज पुसतात, कधी रागावत नाहीत. उजवं मनगट अजून नीट वळत नाही, म्हणून डाव्या हाताने पुसतात.